एमबीए सीईटीचा स्कोअर मनासारखा आला नाही? नवं पुस्तक घेण्याआधी हे करा

माझ्या पहिल्या सीईटीचा, म्हणजे राज्यातल्या एमबीए प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला तेव्हा मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात खरेदीची बिलं तपासत होतो. मोबाईलवर स्कोअरकार्ड उघडलं. ६८ पर्सेंटाइल. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, "लागला काय रे निकाल?" मी म्हटलं, "लागला," आणि पुढचं बिल उचललं. आकडा त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. राजारामपुरीतून तीन जाडजूड पुस्तकं आणली, एका क्लासला पैसे भरले आणि पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. त्या क्लासमध्ये दर आठवड्याला टेस्ट व्हायची, मार्क फळ्यावर लागायचे, पण कुणाचं काय चुकलं हे कुणी बघायचं नाही. दोन महिन्यांनी मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिली तर मार्क जवळपास तेवढेच. मग एका रविवारी, दुसरं काही सुचेना म्हणून, तीच मॉक पुन्हा सोडवायला घेतली, यावेळी घड्याळ न लावता. पहिल्यांदा माझे ८४ प्रश्न बरोबर होते, ७१ चूक आणि ४५ रिकामे. म्हणजे ११६ प्रश्नांचे मार्क गेले होते. त्या ११६ पैकी बहुतेक प्रश्न मला शांतपणे बसल्यावर कुणालाही न विचारता सुटले.

मी तासभर त्या कागदाकडं बघत बसलो होतो. मला येत होतं त्याचेच मार्क मला मिळत नव्हते. पुढच्या वर्षी मी ९३ च्या वर गेलो तो या एका गोष्टीमुळं, आणि गेली काही वर्षं आपल्याकडची जी मुलं-मुली पडलेला स्कोअर घेऊन माझ्याकडं येतात, त्यांना मी पहिल्यांदा हेच करायला लावतो. रस्ता सविस्तर सांगतो.

आधी पर्सेंटाइल म्हणजे काय ते नीट समजून घ्या

७० पर्सेंटाइल म्हणजे ७० टक्के मार्क नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभरातले साधारण सत्तर जण तुमच्या बरोबरीला किंवा तुमच्या मागं आहेत, एवढाच त्याचा अर्थ. सीईटी अनेक पाळ्यांत होते आणि प्रत्येक पाळीचा पेपर वेगळा असतो. त्यामुळं "मित्राला माझ्याएवढेच मार्क पडले, तरी त्याचे पर्सेंटाइल जास्त कसे?" असं म्हणत रात्र काढू नका. त्याची पाळी वेगळी होती.

कामाची गोष्ट पुढं आहे. मधल्या भागात गर्दी दाट असते. ६० ते ८५ पर्सेंटाइलच्या पट्ट्यात हजारो जण एकेका मार्काच्या अंतरावर उभे असतात. तिथं दहा-बारा मार्क वाढले तरी माणूस बरीच मोठी उडी मारतो. ९७ वरून ९९ ला जायचं तर मात्र तेवढ्याच मार्कांत फारसं हलत नाही. म्हणून ज्यांचा स्कोअर मधे अडकलाय त्यांनी हताश होण्याचं काहीच कारण नाही, सगळ्यात जास्त वाव त्यांनाच आहे.

पहिली पायरी: एक पेपर, दोनदा

नवीन मॉक घ्या. २०० प्रश्न, १५० मिनिटं, मधे उठायचं नाही. संगणकावरच द्या, मोबाईलवर नको. परीक्षेत पडद्यावर वाचून कागदावर मांडायचं असतं आणि त्या ये-जा करण्यातच सेकंद जातात. घरी संगणक नसेल तर मित्राकडं जा, सायबर कॅफेत बसा, पण ही सवय लागलीच पाहिजे. परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या लॉगिनमध्ये तुमचा खरा पेपर आणि तुम्ही दिलेली उत्तरं दिसत असतील, तर त्याहून चांगलं काहीच नाही. ती उतरवून ठेवा.

दुसऱ्या दिवशी, उत्तरं न बघता, चुकलेले आणि सुटलेले प्रश्न पुन्हा सोडवा. घड्याळ नको. मग प्रत्येक प्रश्नापुढं चारपैकी एक शब्द लिहा:

येत नाही. (दुसऱ्यांदाही सुटला नाही.)
वेळ. (सुटला, पण परीक्षेत तिथवर पोचलोच नाही.)
घाई. (आकडा, चिन्ह, किंवा "नाही" हा शब्द वाचायचा राहिला.)
अडकलो. (सोडायला हवा होता, सोडला नाही.)

माझ्या पहिल्या यादीत सगळ्यात लांब रकाना "अडकलो"चा निघाला आणि सगळ्यात आखूड "येत नाही"चा. म्हणजे मी तीन पुस्तकं ज्या आजारासाठी आणली होती, तो मला फारसा नव्हताच. तुमचं उलट असू शकेल. ज्याचा "येत नाही"चा रकाना लांब आहे, त्यानं खुशाल पुस्तकं घ्यावीत, क्लास लावावा, त्यात काही चूक नाही. पण आधी मोजा.

दुसरी पायरी: चुकांची वही

साधी दोनशे पानी वही पुरते. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो:

"प्र. ११२ ते ११६. गोल टेबल, ८ माणसं. तोंडं बाहेरच्या बाजूला होती, मी आत धरली. ६ मि. ४० से. पाचही चूक."

ही एक नोंद पाच मार्क आणि जवळजवळ सात मिनिटांची आहे. त्याखाली मी नियम लिहिला: तोंड केंद्राकडं असेल तर माणसाची उजवी बाजू घड्याळाच्या उलट्या दिशेला येते, तोंड बाहेर असेल तर घड्याळाच्या दिशेला. आणि त्याच्याही खाली: "वर्तुळ काढायच्या आधी बाण काढायचा." त्या दिवसापासून आजपर्यंत मी कुठलीही बैठकव्यवस्था बाण काढल्याशिवाय मांडलेली नाही.

वहीत उत्तर उतरवू नका, त्यानं काही होत नाही. चूक कुठल्या क्षणी झाली ते लिहा आणि पुढच्या वेळी हात काय करेल ते लिहा. दर रविवारी सकाळी नवीन काही सुरू करण्याआधी आख्खी वही वाचायची. महिन्याभरात तुमच्या लक्षात येईल की चुका शंभर नसतात, सहा-सातच असतात, त्याच फिरून फिरून येतात. तालमीत वस्ताद पोराला रोज नवा डाव शिकवत नाहीत. ज्या पायावर पोरगं सारखं पडतं तो पाय आधी पक्का करून घेतात. इथंही तसंच आहे.

तिसरी पायरी: मिनिटांचा हिशेब

गेली काही वर्षं पेपरची मांडणी अशी आहे: लॉजिकल रिझनिंग ७५ प्रश्न, अ‍ॅबस्ट्रॅक्ट रिझनिंग २५, गणित म्हणजे क्वांट ५०, आणि इंग्रजी म्हणजे व्हर्बल ५०. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. निगेटिव्ह मार्किंग नाही. विभागाला वेगळी वेळ बांधून दिलेली नाही. (तरी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः उघडून वाचा, ऐकीव माहितीवर बसू नका.)

१५० मिनिटं म्हणजे ९,००० सेकंद. भागिले २००. प्रश्नाला ४५ सेकंद. हा आकडा टेबलासमोर चिकटवून ठेवा.

मी मुलांना सुरुवातीला अशी वाटणी करायला सांगतो: इंग्रजी २८ मिनिटं, अ‍ॅबस्ट्रॅक्ट १३, लॉजिकल ६२, गणित ४२. बेरीज १४५ येते. उरलेली पाच मिनिटं कशासाठी ते शेवटी सांगतो. तुमचा हात गणितात चालत असेल तर वाटणी बदला, पण कागदावर लिहून बदला. पेपर सुरू असताना मनातल्या मनात वाटणी बदलली की समजा घड्याळ हातातून गेलं.

विभागवार: कुठं किती घाम गाळायचा

लॉजिकल रिझनिंगपासून सुरू करतो, कारण ७५ प्रश्न तिथं आहेत आणि बहुतेकांचा स्कोअर तिथंच बुडतो. इथं दोन जातीचे प्रश्न असतात. एक सुटे: नातेसंबंध, दिशा, कोडिंग, सिलॉजिझम (विधानांवरून निष्कर्ष), असमानता. हे तयारी झाल्यावर ३० सेकंदांत सुटतात. दुसरे गुच्छाने येणारे: बैठकव्यवस्था, मजले, आठवड्याचे वार, कोण काय करतो अशी कोडी. पाच प्रश्नांचा एक गुच्छ चांगल्या मुलालाही पाच-सहा मिनिटं घेतो, म्हणजे प्रश्नामागं ६०-७० सेकंद. हा जादा खर्च सुट्या प्रश्नांवर वाचवलेल्या सेकंदांतून भागवायचा असतो. म्हणून आधी सुटे प्रश्न संपवा, मग गुच्छांकडं या.

गुच्छ हातात घेतला की सगळ्या अटी एकदा वाचा आणि सगळ्यात ठाम अट शोधा: "अमुक माणूस उत्तर टोकाला आहे", "तमुक तिसऱ्या मजल्यावर राहतो". तिथून आकृती सुरू करा. तीन मिनिटांत आकृतीत निम्मी माणसं बसली नाहीत तर खूण करून पुढं जा. "आता एवढा वेळ घातलाय तर सोडवूनच जातो" हा विचार मला सगळ्यात महागात पडलाय. गेलेली तीन मिनिटं गेली, पुढची चार वाचवायची की नाही एवढंच आपल्या हातात असतं. रोज दोन गुच्छ, घड्याळ लावून, तीन महिने केले तर हात बसतो.

गणितात आपल्याकडं एक जुनं भांडवल पडून आहे. माझे आजोबा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहायचे. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी तोंडपाठ होती. लिलाव सुरू असतानाच ते रक्कम सांगायचे. लहानपणी मला ते जुनाट वाटायचं. सीईटीच्या तयारीला बसलो तेव्हा कळलं की टक्केवारीचा अर्धा अभ्यास हाच आहे. पावकी म्हणजे २५ टक्के, पाऊणकी ७५, सवायकी १२५. त्यात एवढी भर घाला: १२.५ टक्के म्हणजे आठवा हिस्सा, १६.६७ म्हणजे सहावा, १४.२८ म्हणजे सातवा, ११.११ म्हणजे नववा, ९.०९ म्हणजे अकरावा.

आता उदाहरण घ्या. ६४० चे ३७.५ टक्के किती? गुणाकार मांडला तर अर्धं मिनिट जातं. ३७.५ म्हणजे आठातले तीन हिस्से. ६४० चा आठवा हिस्सा ८०, तिप्पट २४०. पाच सेकंद. किंवा हा प्रश्न: दुकानदारानं किंमत २५ टक्क्यांनी वाढवली आणि नंतर २० टक्के सूट दिली, नफा किती? सवापट केली, मग पाचातले चार हिस्से घेतले, मूळ किंमत जागेवर आली. नफा नाही, तोटा नाही. कागदाला पेन लावायची गरजच नाही.

पर्याय लांब-लांब असतील तर अंदाज वापरा. ४९८ चे १९.८ टक्के म्हणजे ५०० चे २० टक्के, शंभराच्या जरा खाली. पर्यायांत ७८.६, ९८.६ आणि ११८.६ असतील तर उत्तर समोरच आहे. ३० पर्यंतचे पाढे, २५ पर्यंतचे वर्ग, १५ पर्यंतचे घन रोज सकाळी दहा मिनिटं मोठ्यानं म्हणा. केएमटीच्या बसमध्ये म्हटलं तरी चालेल, मी म्हणायचो. धड्यांच्या क्रमाचं म्हणाल तर टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, काळ-काम-वेग आणि तक्त्यांचे प्रश्न आधी. बाकीचं नंतर.

इंग्रजीबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण कागल, गडहिंग्लज, राधानगरीकडून येणारी हुशार पोरं इथं खचतात. मराठी माध्यमात शिकल्यामुळं इंग्रजी येणारच नाही हा समज डोक्यातून काढून टाका. रोज एका इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख घ्या. प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की त्याचा सारांश एका वाक्यात मराठीत बोला, मोठ्यानं. मराठीत सांगता आला म्हणजे कळला. नाही सांगता आला तर पुन्हा वाचा. पहिले पंधरा दिवस एका अग्रलेखाला पाऊण तास लागेल. दोन महिन्यांनी दहा-बारा मिनिटं लागतील, आणि उताऱ्यावरच्या प्रश्नांत नेमका हाच वेग लागतो. शब्दांच्या याद्या पाठ करण्यावर माझा विश्वास नाही. अग्रलेखात अडलेला शब्द त्याच्या आख्ख्या वाक्यासकट लिहून ठेवा, तो राहतो.

व्याकरणात आपण बऱ्याचदा मराठीतून विचार केल्यामुळं चुकतो. आपण एखाद्या विषया"वर" चर्चा करतो, म्हणून इंग्रजीत "डिस्कस अबाउट" बरोबर वाटतं. तिथं "अबाउट" लागत नाही. आपण डॉक्टर"शी" लग्न करतो, म्हणून "मॅरीड विथ" सुचतं, इंग्रजीत "मॅरीड टू" म्हणतात. "परत आला" म्हणून "रिटर्न्ड बॅक" लिहितो, तिथं "बॅक" जास्तीचा आहे. अशा पन्नासेक जागा असतील. वहीची मागची पानं त्यांच्यासाठी ठेवा. चूक शोधा या प्रकारातले प्रश्न त्यातूनच सुटायला लागतात.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे आकृत्यांचे प्रश्न. इथं अभ्यास थोडा आणि मार्क लवकर. आकृती बघितली की ठरलेल्या क्रमानं पाच गोष्टी तपासा: संख्या, फिरणं, जागा बदलणं, रंग भरलेला की रिकामा, आतलं बाहेर गेलं का. पाचही तपासून चाळीस सेकंदांत नियम दिसला नाही तर पुढं चला. रोज पंधरा आकृत्या पुरेत.

चौथी पायरी: मॉक आणि तिच्या दुप्पट वेळ तपासणी

शेवटच्या आठ आठवड्यांत आठवड्याला दोन मॉक. त्याहून जास्त नकोत. पाळायचा नियम असा: अडीच तासांची मॉक असेल तर तपासणीला किमान पाच तास. नोकरी करणाऱ्यांनी तपासणी दोन-तीन दिवसांत वाटून घ्यावी. मी रविवारी मॉक द्यायचो आणि सोमवार-मंगळवार पहाटे उठून तपासायचो, साडेसातला कंपनीची बस असायची. दुसरी मॉक गुरुवारी रात्री. तपासणी न करता दिलेली मॉक फक्त मन बुडवते किंवा फुगवते.

मॉकचा स्कोअर एखाद्या आठवड्यात खाली येतो, येतोच. मार्कांचा आलेख बघण्यापेक्षा "अडकलो" आणि "घाई" हे दोन रकाने दर आठवड्याला किती आखूड होतायत ते बघा. ते आखूड झाले की मार्क दोन-तीन आठवड्यांनी मागून येतात.

एक बारीक गोष्ट. तुमची पाळी दुपारची आली तर काही मॉक दुपारीच द्या. उन्हाळ्याचे दिवस, पोटभर जेवण, आणि दोन वाजता पडद्यासमोर बसायचं. पेंग येते. माझ्या एका मॉकमध्ये दुपारी चारच्या सुमारास सलग नऊ प्रश्न चुकले होते, त्याच पद्धतीचे जे सकाळी मला सहज सुटायचे.

वर्ष थांबायचं की मिळेल तिथं प्रवेश घ्यायचा?

हा प्रश्न घरात सगळ्यात जास्त गाजतो. माझं मत सरळ आहे. दोनदा सोडवलेल्या पेपरमध्ये बराच फरक निघाला, तर पुन्हा बसण्यात अर्थ आहे. फरक फारच थोडा असेल आणि घरची परिस्थिती ओढाताणीची असेल, तर शिवाजी विद्यापीठाचा एमबीए विभाग किंवा सायबर ही कोल्हापुरातली मॅनेजमेंट संस्था इथं मिळणारा प्रवेश कमी लेखू नका. घरी राहून शिकता येतं आणि राहण्या-जेवण्याचा मोठा खर्च वाचतो. थांबायचं ठरवलंत तर शक्यतो नोकरी करत थांबा. दिवसभर मोकळं राहून अभ्यास होईल असं वाटतं, प्रत्यक्षात दिवस पसरतो.

त्याच तयारीवर आणखी परीक्षाही देता येतात. आयआयएमच्या प्रवेशासाठीची कॅट नोव्हेंबरच्या शेवटी होते, तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं बांधलेली. सीमॅटमध्ये १०० प्रश्नांना १८० मिनिटं आणि त्यात सामान्यज्ञानही असतं. पण सावध राहा: पर्याय निवडायचा प्रश्न चुकला तर दोन्हीकडं मार्क कापले जातात. सीईटीची सगळं भरून टाकायची सवय तिथं घेऊन गेलात तर नुकसान होईल. तिथल्या मॉक वेगळ्या द्या, वहीही वेगळी ठेवा.

परीक्षेच्या दिवशी

केंद्र आदल्या दिवशी जाऊन बघून या, विशेषतः ते शहराबाहेरच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात असेल तर. हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र रात्रीच पिशवीत. दुपारची पाळी असेल तर तांबडा-पांढरा रात्रीसाठी राखून ठेवा, दुपारी भाजी-भाकरी आणि ताक.

आणि ती पाच मिनिटं. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही. पाचपैकी एक पर्याय बरोबर असतो. माझ्यासारखे ४५ प्रश्न रिकामे राहिले असतील, तर नुसते डोळे मिटून भरले तरी सरासरीनं नऊ मार्क पदरात पडतात. त्या मॉकमध्ये मी ते टाकून दिले होते. पर्याय निवडून "सेव्ह अँड नेक्स्ट" दाबायला एका प्रश्नाला तीन-चार सेकंद लागतात, म्हणजे ४५ प्रश्नांना तीन मिनिटं. म्हणून घड्याळात पाच मिनिटं उरली की हातातला प्रश्न, तो कितीही जवळ आलेला असो, सोडून द्यायचा. आधी ज्यांचे दोन-तीन पर्याय खोडून झालेत ते प्रश्न भरा, मग बाकीचे, सगळ्यांना एकच ठरलेलं अक्षर. हे मॉकमध्येही प्रत्येक वेळी करा, नाहीतर खऱ्या पेपरात हात त्या शेवटच्या गणितातून सुटत नाही.